चाळीस तासांचा पोर्तुगाल

२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. सोलापूरचा अभिमन्यू परदेशात कसा पोचला, असं उद्या कुणी विचारलं तर पुरावा असावा.

कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लागलीय. पोर्तुगालमध्ये एक सेमिस्टर. सकाळी क्लास, दुपारी गावात समाजसेवा, शनिवार-रविवार सांस्कृतिक प्रवास. जागा एकच. अट किरकोळ. आधी इथं चाळीस तास समाजसेवा करून दाखवायची. फॉर्मवर चाळीस ओळी, तासाला एक ओळ, समोर ज्याची सेवा केली त्याची सही. अंगठा चालणार नाही. शेवटची तारीख १५ मे. रोज एक तास धरला तरी तीन दिवस उरतात.

आईला सांगितलं. म्हणाली, आधी जेवलेलं ताट उचल. समाजसेवा वेगळी आणि घरकाम वेगळं, हे तिला समजावण्यात अर्धा तास गेला. तो फॉर्मवर धरता येईल का बघतो.

४ एप्रिल
सेवेला माणूस सापडला. आमच्या बाळीवेशीतल्या बोळात कोपऱ्यावर सुंदरम्मा अज्जी राहते. कडक भाकऱ्या करून विकते. सही येत नाही. पोस्टात अंगठा दिला की शाई दोन दिवस जात नाही, पिठाला लागते, अशी तिची तक्रार. मी तिला सही शिकवणार. एकदा आली की बसल्या बैठकीला चाळीस सह्या घेणार. याला प्लॅनिंग म्हणतात.

अज्जी म्हणाली, ये की तम्मा, चारला ये, तवा उतरला की मी मोकळीच हाय. (तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.)

५ एप्रिल, संध्याकाळी
पहिला तास झाला. (पस्तीस मिनिटं. पण क्वालिटी.)

चुलीमागची भिंत कोळशाच्या रेघांनी भरलीय. काय लक्षात ठेवायचं ते अज्जी तिथंच ठेवते म्हणे. फोटोत बॅकग्राउंड वाईट येतं. चुना मारून देतो म्हटलं, त्याचे दोन तास धरले असते. अज्जी म्हणाली, भिंतीला हात लावू नको. निघताना तिनं कोपऱ्यात एक उभी रेघ मारली. कसली ते विचारलं नाही, मॅच होती.

१० एप्रिल
चार दिवस गॅप. ऊन बेचाळीस डिग्री. आजारी सेवक कुणाच्या कामाचा?

आज गेलो. 'सुं' जमलं. पुढं दोन म जोडायचे म्हटल्यावर मलाच टेन्शन आलं. म्हटलं, अज्जी, सही नुसती 'सुं' करा, बँकेत मोठे लोक तसंच करतात. म्हणाली, मी अख्खी हाय की रे, अर्धी सही कशाला?

हट्टी विद्यार्थी.

१७ एप्रिल
पोर्तुगीज सुरू केलं. ॲपवर. 'ओब्रिगादो' म्हणजे थँक यू. भाजीवाल्या मावशींना म्हटलं. त्यांनी कोथिंबीर परत घेतली.

अज्जीकडे आज अंकिताला पाठवलं. बहीण अकरावी संपवून घरात रिकामीच आहे. लीडरनं सगळं स्वतः करायचं नसतं, डेलिगेट करायचं असतं.

२२ एप्रिल
पप्पा चिंचोळीहून ड्यूटी संपवून येताना नव्या पेठेत थांबले, ट्रॉली बॅग घेऊन आले. जांभळी. चार चाकं, सगळीकडे फिरणारी. पप्पांनी स्वतः अंगणात ती दोनदा फिरवून बघितली. कंपनीत सगळ्यांना सांगितलंय म्हणाले. उद्यापासून स्वतः जाणार.

२३ एप्रिल
चव्वेचाळीस डिग्री. अंकिता गेली.

३ मे
आज स्वतः गेलो. अंकिता आधीच बसलेली, दोघी पिठात बोटानं अक्षरं काढत होत्या. मी मार्गदर्शन केलं. पद्धत माझीच आहे.

अंदाजे तीस तास झाले असावेत.

१३ मे
फॉर्म घेऊन गेलो. मनातून खात्री होती.

अज्जीनं हात धुतले, पदराला पुसले, पेन घेतलं. सुंदरम्मा. अख्खं. दोन्ही म व्यवस्थित जोडलेले. एका सहीला दोन मिनिटं. मला खरंच भरून आलं, काय शिकवलंय मी.

नऊ सह्या झाल्या आणि तिनं पेन खाली ठेवलं. हात दुखला असेल म्हणून म्हटलं, चहा घ्या, मग बाकीच्या करा. तिनं भिंतीकडे बोट केलं. म्हणाली, उभ्या रेघा तुझ्या, आडव्या पोरीच्या. पोरीचा कागद कुटं हाय?

उभ्या नऊ. मी दोनदा मोजल्या. आडव्या बावीस.

मी म्हटलं, अज्जी, सही आली ना तुम्हाला? मग कोण आलं होतं हा टेक्निकल मुद्दा आहे. माझी जागा जाईल, पप्पांनी बॅग आणलीय. अज्जी म्हणाली, तम्मा, जन्मात पहिल्यांदा सही करायलीय. ती खोटी कशी करू?

घरी आलो. डोळे लाल होते. आईला सांगितलं, धूर गेला. (चूल विझलेली होती, पण धूर घरात राहतो.)

१५ मे
नऊ तासांचा फॉर्म दिला. सोबत पत्र जोडलं की आकड्यापेक्षा क्वालिटी बघावी.

२६ मे
कॉलेजनं आकडाच बघितला. जागा वैरागच्या भुवनेश्वरी नावाच्या मुलीला मिळाली. पंचावन्न तास, फॉर्मला पुरवणी जोडून. तुम्ही पुढल्या वर्षी प्रयत्न करावा, असं मला लिहिलंय.

पप्पांनी बॅग माळ्यावर टाकू का, एवढंच विचारलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० मे
बॅग शेवटी निघाली. मोहोळला.

तिथं एका लग्नासाठी अज्जीकडे दोनशे भाकऱ्या मागितल्या होत्या. खोक्यात तुकडे होतात. अंकितानं तिला माझ्या बॅगेबद्दल सांगितलं. बॅग माझी, म्हणून ओढायलाही मी. एसटीत कंडक्टरनं बॅगेकडे बघून विचारलं, साहेब, कुठल्या देशातनं आलात? म्हटलं, एक मोहोळ द्या.

एकही भाकरी मोडली नाही. हे माझं हँडलिंग.

परत आल्यावर अज्जीनं माझ्या हातात कोळसा दिला. म्हणाली, मार तुझी तूच. मी उभी रेघ मारली, दहावी. मग म्हटलं, अज्जी, जाऊन-येऊन तीन तास गेले, तीन मारू का?

म्हणाली, एक.