सहलीचा विमा

१२ नोव्हेंबर

दादास,

नमस्कार. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. तू मजेत असशीलच, वहिनीच्या फोटोंवरून कळतं. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

आधी कामाचं. बाबांच्या कॅम्परचा, त्या झोपायची सोय असलेल्या गाडीचा, विमा महिनाअखेर संपतोय. गाडी तुझ्या नावावर, तेव्हा नवा विमा तुलाच घ्यावा लागणार. मागच्या वेळी तू सगळ्यात स्वस्त तो उचललास, सहलीपुरता. वर्षातून दोनदा फिरायला जाऊन एरवी गाडी झाकून ठेवणारे लोक घेतात तो. त्यात टक्कर, चोरी, आग, समोरच्याचं नुकसान, सगळं धरतात. आतलं सामान धरत नाहीत. आणि गाडीत कोणी कायमचं राहत असेल, तर काहीच धरत नाहीत.

आईला नि मला दुसरा हवाय, कायम राहणाऱ्यांचा. त्यात भांडी, कपडे, अंथरुणं येतात, आणि गाडी जळाली तर डोक्यावर छप्पर मिळेपर्यंतचा खर्चही येतो. हप्ता जास्त आहे. तो मी भरीन, तू खिशात हात घालू नकोस. उगाच नवीन सवय लागायची.

जळाली तर, असं मी उगीच लिहीत नाही. आम्ही गाडी लावतो त्या तळावर मागच्या रांगेत एका न्हाव्याची गाडी होती. हीटरच्या वायरनं पेट घेतला. माणसं वाचली, गाडीचा सांगाडा उरला. त्याचाही विमा सहलीचाच. कंपनीचा माणूस आला, बाहेर काढून ठेवलेलं मुलीचं दप्तर त्यानं पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "शाळा जवळच आहे वाटतं?" पोरगी हो म्हणाली. झालं! छदामही मिळाला नाही. आमचा हीटर त्याच दुकानातला आहे.

आता तू म्हणशील, तुम्ही कुठे कायमच्या राहता? सोंग तुला छान जमतं. माझ्या घरमालकानं घर विकलं तेव्हा आईला मी तुझ्याकडे आणून सोडलं. चार दिवस झाले नाहीत तोच तिला दिलेली खोली तुला ऑफिससाठी लागली. "जरा हवापालट होईल" म्हणत तू तिला बाबांच्या गाडीत बसवलंस आणि किल्ली माझ्या हातात दिलीस. तो हवापालट आठ महिने चाललाय. वहिनी फोटोखाली लिहिते, "आमच्या भटक्या सासूबाई!" लोक बदाम पाठवतात.

खरं तर यातलं काही लिहायचं नव्हतं. विम्याचा एजंट काल येऊन गेला नसता, तर लिहिलंही नसतं.

आई झोपते त्याच बाकावर तो बसला. वर दोरीवर तिची लुगडी वाळत होती, खिडकीत तिच्या औषधांच्या बाटल्या, दाराशी तिनं लावलेली कोथिंबिरीची कुंडी. त्यानं विचारलं, "आजी, इथंच राहता का तुम्ही?" मी हो म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच आई हसून म्हणाली, "छे हो! फिरायला निघालोय. माझ्या मुलाचं केवढं मोठं घर आहे! तो रोज बोलावतो, मलाच एका जागी करमत नाही."

त्यानं दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग सहलीचाच पुरेल. तरी गुरुवारी गाडीच्या मालकांना फोन करून पक्कं करतो," म्हणाला.

तो गेल्यावर मी आईवर ओरडले. फार ओरडले. ती म्हणाली, "त्याची आई गाडीत राहते असं परक्या माणसाला सांगू? काय म्हणतील त्याला लोक?" मग पाठ फिरवून पडून राहिली.

मला तुझा संताप येतो, दादा. ती अजून तुझी अब्रू झाकतेय आणि तू तिच्या जिवावर फोटो मिरवतोयस. एजंटसमोर तिला खोटं पाडणं मला जमलं नाही. तेव्हा गुरुवारी तोंड तू उघडायचंस. तो विचारेल, गाडीत कोण राहतं? म्हणायचं, "माझी आई राहते." एवढंच. ते जिभेवर येत नसेल, तर तुझं ऑफिस त्या खोलीतून हलव आणि तिला घेऊन जा. मग खुशाल सहलीचा विमा घे, मी चकार शब्द काढणार नाही. पण "फिरायला गेल्यात" म्हणून फोन ठेवलास आणि पुढे गाडी पेटली, तर तुझ्या दारात तिला मी आणून उभी करीन, तुझे पाहुणे जेवायला बसलेले असताना.

आई समोर बसलीय. "त्याला लिही, मी मजेत आहे, सहल संपली की येते," म्हणाली. लिहिलं.

सहल कधी संपणार, ते तिला विचारायची हिंमत मला नाही. तू एजंटला सांग.

मुक्काम कायम,
धाकटी