क्राउसबाईंच्या बागेतून जाणारा रस्ता

१५ जून, रवि.
सांगलीहून गुरुवारी जर्मनीत परत आले. बाबांची बायपास नीट झाली. आता ते अंगणात फेऱ्या मारतात आणि आईला त्या मोजायला लावतात. या सगळ्यात माझं पळणं पार बंद पडलं होतं. आज बूट घातले. नेहमी सोबत पळणारी सु. म्हणाली गुडघा दुखतोय, येत नाही. एवढ्या वर्षांत सुखदाचा गुडघा कधी दुखलेला मला आठवत नाही, पण म्हटलं, असेल. एकटीच निघाले. फोर्शहाइमला गाडी बदलली, एबरमानश्टाटला उतरले आणि विझेंट नदीच्या काठानं पळत सुटले. दम असा लागला की पहिल्याच चढावर चालावं लागलं. तरी मजा येत होती.

जुन्या पाणचक्कीच्या बंधाऱ्यापाशी पोचले तर आमची पळायची वाट जिच्यातून जाते त्या क्राउसबाईंच्या बागेच्या फाटकाला साखळी, कुलूप आणि पाटी. खाजगी जागा, आत येऊ नये.

बाई वरच्या खिडकीत होत्या. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं, नक्की पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला.

परत फिरले. पलीकडच्या काठावरून, हमरस्त्याला लागून जाणाऱ्या सायकलवाटेनं. कानाशेजारून ट्रक.

दुपारभर तेच डोक्यात. मी काय केलं? दोन वर्षांपूर्वी आभाळ भरून आलं होतं, गारा पडणार होत्या, आणि ही म्हातारी एकटी चेरीच्या झाडांवर जाळी ओढत होती. मी आणि सु. न विचारता आत घुसलो आणि जाळीचं दुसरं टोक धरलं. तेव्हापासून फाटक आम्हा दोघींना उघडं. "जाता येता चेऱ्या खा, पोटभर खा. फक्त कुणाला सांगू नका, मला माझी शांतता हवी." एवढीच अट. या देशात मला एकही कागद न मागता कुणी आत घेतलं असेल तर या बाईंनी. ते गेलं तर मला फार लागेल. लागलंच आहे.

१६ जून, सोम.
जेवताना नि.ला साखळीचं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.
"आल्झो... म्हणजे, सुखदानं तुला काहीच सांगितलं नाही?"

मग हळूहळू बाहेर आलं. मी सांगलीत असताना, मागच्या रविवारी सु. आपली सगळी मंडळी घेऊन तिथे गेली. रनिंग ग्रुप, त्यांच्या बायका, नवरे, मुलं, कुणाचेतरी पुण्याहून आलेले सासू-सासरे. पळणं नावापुरतं. बागेत चादरी अंथरून पुरी-भाजी. पोरं झाडांवर. त्या सासूबाई स्टीलचा डबा भरून चेऱ्या तोडत होत्या. एक फांदी मोडली. क्राउसबाई बाहेर आल्या आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

"तुला हे सगळं कसं माहीत?"
"मी होतो ना. इरा पण."
इरा ताटातून मान वर करून म्हणाली, "वार सुपर!"

वार सुपर. मस्त झालं म्हणे. माझा नवरा, माझी मुलगी. मला सांगितलं का नाही, तर म्हणे तू हॉस्पिटलच्या गडबडीत होतीस, आणि सुखदा म्हणाली मी सांगते. फ्रीझरमध्ये पिशवीभर चेऱ्या आहेत. काल त्या मी दह्यात घालून खाल्ल्या. दुकानातल्या समजून.

१८ जून, बुध.
सु.चा फोन. म्हणजे मीच केला. गुडघा बरा आहे म्हणाली. असणारच.

"अगं, एवढं काय त्यात? खा म्हणाल्या होत्या ना त्या?"
"आपल्या दोघींना म्हणाल्या होत्या."
"तेच ना. आपल्याला म्हणजे आपल्या लोकांना. कुणी जेवायला ये म्हणालं की आपण काय एकटे जातो का?"

हे ती खरंच मनापासून म्हणत होती. तिच्याकडे कुणी एकटं येतच नाही. बोलावलं एकाला की सोबत भाऊ, भावाचा मित्र, मित्राची आई. सगळ्यांना पुरेल एवढा कुकर लावलेला असतो तिनं. मीही अशीच एकदा कुणाच्या तरी मागून तिच्या घरी गेले होते. माझा इथला पहिला हिवाळा, दिवसभर पडदे ओढून बसायचे, आणि हिनं मला दंडाला धरून बाहेर काढलं, म्हणाली चालायला तरी चल. त्या चालण्याचं पळणं झालं.

पण मी आज मऊ पडणार नव्हते. म्हटलं, मला विचारायचंस तरी. तेव्हा तिचाही आवाज चढला.
"विचारायचं काय? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"
मग ती, "सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं मला. काका बरे आहेत ना?"
ठेवून दिला.

२१ जून, शनि.
हे लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

बेसनाचे लाडू केले, डबा घेऊन क्राउसबाईंकडे गेले. पळायच्या कपड्यांत नाही, नीट कुर्ता घालून, पुढच्या दारानं. गाडीत वाक्यं पाठ करत गेले. मी इथे नव्हते. मी भारतात होते. मला माहीत नव्हतं. तुमची अट मी मोडली नाही. चार सोपी वाक्यं. यात अवघड काय आहे?

बाईंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. मी तोंड उघडायच्या आत त्याच सुरू झाल्या. तुमची मैत्रीण परवा येऊन गेली, फुलं घेऊन आली होती, सगळं समजावून सांगितलं तिनं. बाई इकडच्या खेड्यातल्या जर्मनमध्ये बोलतात, मी नेहमीसारखी मान हलवत होते आणि मधे मधे "या. या, गेनाऊ." हो, अगदी बरोबर. ऑफिसमधली सवय. मीटिंगमध्ये निम्मं कळत नसताना आम्ही सगळे हेच करतो. गेनाऊ म्हणत राहायचं, नंतर घरी जाऊन अर्थ लावायचा.

आणि बाई काय सांगत होत्या? की तुम्हीच त्यांना म्हणालात, खुशाल जा, बाईंना चालेल. म्हणून ते सगळे आले. असंच ना?
या, गेनाऊ.

मला समजेपर्यंत त्यांनी डबा हातात घेतला होता. "निदान नाकारत तरी नाही," म्हणाल्या. दार लागलं.

दाराबाहेर उभी राहिले आणि सगळं जर्मन आलं. चारही वाक्यं, एकही चूक नाही. बेल वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. स्टेशनवर बाकावर बसून रडले. एका आजोबांनी रुमाल पुढे केला. त्यांनाही गेनाऊ म्हणाले असेन.

२२ जून, रवि.
पळाले नाही. अंगाचा नुसता तिळपापड होतोय. चादरी अंथरल्या, फांदी मोडली, ते सगळं मी गिळलं असतं. पण माझं नाव पुढे केलं तिनं! मी बाबांच्या उशाशी बसलेली असताना केलेल्या गोष्टीत.

नि. म्हणतो, "परत जाऊन खरं काय ते सांग. साधी गोष्ट आहे."
साधी! काल हो म्हणालेली बाई आज नाही म्हणते, कोण विश्वास ठेवेल? आणि सांगायचं काय, तर माझी मैत्रीण खोटारडी आहे? ते मला मराठीतसुद्धा अजून कुणाला सांगता आलेलं नाही.
त्याच्याशीही धड बोलत नाहीये. पुऱ्या खाताना याला माझी आठवण झाली नाही.

२५ जून, बुध.
सु. ऑफिस सुटायच्या वेळी खाली सायकल घेऊन उभी. चुकवून जाता आलं नाही. रेग्निट्झ नदीकाठच्या कुरणात गेलो, बाकावर बसलो. तिनं डब्यात ढोकळा आणला होता. तिला वाटतं पोटात काही गेलं की माणूस निवळतं.

मी सरळ विचारलं, माझं नाव का घेतलंस?
तिनं मूठभर गवत उपटलं. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला यायला. मला वाटलं, तुझ्यावर त्यांचा जीव आहे. तुला त्या माफ करतील. मला नसतं केलं."
"म्हणजे माझी पुण्याई तू खर्च केलीस."
"हो. तसंच झालं."
"जाऊन सांग त्यांना खरं."
"सांगते."
"कधी?"
"सांगते म्हटलं ना, अश्वी."

ढोकळा मी खाल्ला नाही. चांगला झाला असणार.

२९ जून, रवि.
सांगितलेलं नाही. उलट ग्रुपवर फोटो. सु. आणि क्राउसबाई चेरीच्या झाडाखाली, दोघींच्या हातात माझ्या चेऱ्या... नाही, माझं काय आहे त्यात.

आता यांचा रीतसर फेराइन, म्हणजे मंडळ, होतोय. नोंदणी, नियम, विमा, सगळं. सु.नं बाईंना कागद दाखवले. दर रविवारी सकाळी दहा जणांनी पळत जायचं, थांबायचं नाही, झाडांना हात लावायचा नाही. आणि चेऱ्या उतरवायला एक शनिवार सगळ्यांनी मदत. बाईंना पटलं. फेराइन म्हटलं की इथे कुलपं उघडतात. खाली पंचवीस अंगठे आणि टाळ्या. कुणीतरी लिहिलंय, अश्विनी कुठे आहे?

अश्विनी हमरस्त्याच्या बाजूनं पळते. ट्रक मोजते.

सु.चा वेगळा मेसेज: "तुझं नाव यादीत पहिलं टाकलंय. ये ना." उत्तर दिलं नाही.
हसू आलं आणि चीडही. ज्या दाराबाहेर हिनं मला काढलं, तिथेच ही मला पाहुणी म्हणून बोलावते.

३ जुलै, गुरु.
बाबांशी फोन. आवाज खणखणीत झालाय. म्हणाले, "सुखदा कशी आहे? बरेच दिवस मेसेज नाही तिचा."
"तुम्हाला मेसेज करायची?"
"रोज. हॉस्पिटलात होतो तेव्हा. आज किती पावलं चाललात काका, विचारायची. तिच्या धाकानं चाललो मी. तुला बोलली नाही?"
नाही बोलली. ही बाई चांगलंही माझ्या पाठीमागेच करते.

बाबांना म्हटलं, कामात असेल. फोन ठेवल्यावर इतका राग आला की भांडी आपटली. धड रागावूही देत नाही मला. पूर्ण वाईट असती तर किती बरं झालं असतं.

नि. विचारत होता, काय झालं? म्हटलं, बाबा बरे आहेत.

६ जुलै, रवि.
सकाळी गेले. पलीकडच्याच काठानं. ते लोक कधी निघतात ते ग्रुपवर असतं, म्हणून मुद्दाम लवकर निघाले होते, पण फोर्शहाइमला जोडगाडी चुकली आणि व्हायचं तेच झालं. बंधाऱ्यासमोर आले तर नदीपलीकडे बागेतून त्यांची रांग जात होती. सगळे एकसारख्या केशरी टीशर्टात. फाटकाशी क्राउसबाई, हातात किटली, परतीच्या चहाची तयारी असावी. ऊन झाडांमधून त्या वाटेवर पडलं होतं. मला त्या वाटेची इतकी आठवण आली की पाय थांबले.

सु. सगळ्यांच्या मागे होती. तिनं मला पाहिलं, रांग सोडून काठापर्यंत खाली आली. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली.

"अश्वी! आत्ता सांगू त्यांना? तू इकडे ये, तुझ्यासमोर सांगते! मी खोटं बोलले म्हणून!"

फाटकाशी क्राउसबाईंनी वळून पाहिलं. त्यांना मराठी कुठलं कळायला. पण आधी सु.कडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. पूल शंभर पावलांवर होता.

बंधाऱ्याचं पाणी धो धो कोसळत होतं. मी कानाला हात लावला, मान हलवली. ऐकू येत नाही.

ती आणखी दोन पावलं पाण्याकडे आली, पुन्हा ओरडली. तेच. मी पुन्हा मान हलवली आणि पळायला लागले.

सगळं ऐकू आलं होतं. पहिल्याच वेळी.

घरी येऊन अंघोळ केली, भात टाकला. फोन दोनदा वाजून गेला, तिचाच. आता तिसऱ्यांदा वाजतोय. इरा विचारतेय, उचलू का?