पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची

मी, हर्बर्ट होलगेट, राहणार बर्नली, लँकेशायर, वय पंचाहत्तर, धंदा नट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. लोक मला रूपर्ट व्हेन म्हणून ओळखतात. ते नाव लंडनच्या एका एजंटने दिलं. होलगेट नावाचा लॉर्ड बघायला कोणी तिकीट काढणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. पाठांतराचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वकील श्री. टॅटर्सल म्हणतात, मृत्युपत्राला पाठांतर लागत नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती वर्तमानपत्रात छापून येतील या हिशेबाने लिहिलेली होती.

१. रंगभूषेची पेटी, आरसा आणि पेटीच्या चोरकप्प्यातली व्हिस्कीची बाटली (शिल्लक असल्यास) प्रयोगाआधी मला कपडे चढवणारे माझे ड्रेसर मॉरिस क्लेग यांना द्यावी. "साहेब, तुमचं पोट वाढलेलं नाही, कोट आटलाय," असं ते इतकी वर्षं न हसता सांगत आले. माझ्यापेक्षा चांगला नट.

२. सिनेमांमधून मागून आणलेले किंवा न विचारता आणलेले कोट, हातमोजे आणि खोटी अंगठी इथल्या कॅल्डर थिएटरच्या कपडेपटाला. पडद्यावर मी जन्मभर लॉर्ड, न्यायाधीश आणि नौदलाचे अधिकारी केले. मला पोहता येत नाही.

३. उच्चार शिकवणारे कै. पॉम्फ्रेट मास्तर यांच्या वारसांना काहीही देऊ नये. मास्तर माझ्या दातांत बूच धरायला लावायचे आणि म्हणायचे, "ओठ कमी हलव, होलगेट. तू गिरणीत उभा नाहीस."
गिरणीत माझी आई उभी होती, आणि थोरली बहीण क्लॅरिस. मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून विणकर बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. ओठ मोठे करून, शब्द नीट आकारात पाडून, आवाज न काढता. आमच्याकडे त्याला मी-मॉ म्हणतात. पुढे आई बहिरी झाली आणि घरातही तेच सुरू झालं. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला उभी असलेली बाई माझ्या विजारीच्या ठिगळाबद्दल काय म्हणते आहे, ते मला इकडून कळायचं. पुढे लोकांनी माझ्या तिखट कानांचं कौतुक केलं. निम्मं काम डोळ्यांचं होतं.

४. कॅल्डर थिएटरची पहिल्या रांगेतली डावीकडची कडेची खुर्ची माझ्या पैशातून कायमची विकत घेऊन क्लॅरिसच्या नावे करावी. कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही, ते असं.
चार वर्षांपूर्वी ऐन प्रयोगात माझं डोकं कोरं झालं. नजर खाली गेली तर क्लॅरिस त्या खुर्चीत बसलेली, मांडीवर पर्स, आणि तिचे ओठ माझं वाक्य म्हणत होते. त्या दिवसापासून एकही प्रयोग मी एकट्याने केलेला नाही. बटाटे सोलता सोलता ती माझ्या भूमिका पाठ करायची. लांबलचक स्वगतं मधूनच गाळायची. मी तक्रार केली तर म्हणाली, "एवढं दळण कशाला? माझी शेवटची बस चुकते." समीक्षकांनी लिहिलं, उतारवयात रूपर्ट व्हेनला संयम सापडला. लंडनची कामं मी नाकारली, कारण क्लॅरिस लंडनला राहायला तयार नव्हती. पेपरात छापून आलं, केवढं हे मातीचं प्रेम! मी ते कात्रण जपून ठेवलं. याची लाज वाटते.

५. या वर्षी अभिनयाचं बक्षीस म्हणून मिळालेला पुतळा स्टेजचं मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडसर लावायला वापरावा. तो कसा मिळाला तेही लिहितो.
मार्चमध्ये टीव्हीवर मुलाखत झाली. बालपणाचं विचारल्यावर मी मी-मॉ करून दाखवलं. डोळे फाडले, ओठ चावले, तोंड वेंगाडलं. लोक हसून लोळायला लागले. म्हणून परत केलं. त्या वेळी क्लॅरिसच्या घरी गिरणीतल्या तिच्या मैत्रिणी चहाला जमल्या होत्या. माझा भाऊ टीव्हीवर आहे, म्हणून तिनेच बोलावल्या होत्या.
दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात एका प्रवेशात घर सोडून गेलेली मुलगी परत येऊन बापासमोर उभी राहते आणि बापाला एकच वाक्य असतं. ते मला आठवेना. मी खुर्चीकडे पाहिलं. क्लॅरिसने हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला.
मी नुसता उभा. शेवटी समोरच्या मुलीने पुढचं वाक्य घेतलं. इंग्रजी रंगभूमीवरची सर्वांत धीट शांतता, असं म्हणून मला पुतळा दिला. मी तो घेतला आणि भाषणात आईचे आभार मानले.
नंतर क्लॅरिसच्या दारात गेलो.
"क्लॅरिस, तोंड तरी उघड."
"कशाला? परत टीव्हीवर दाखवायला?"
"अगं, लोक तुला नाही हसले."
"मग आईला हसले. ते चालतं होय रे तुला?"
दार बंद झालं. तेव्हापासून घसा बिघडल्याचं सांगून मी घरात आहे. येत्या गुरुवारी तेच नाटक परत लागतं आहे. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तिचे ओठ माझ्यासाठी पुन्हा हलणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

६. टेकडीवरचं माझं घर, बागेसकट, क्लॅरिसला. हे दान नाही, तिचा पगार आहे. टॅटर्सल बजावतात की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केल्यास त्याचं मिळायचं ते सगळं जातं. काही कारणाने घर तिला न गेल्यास ते म्हाताऱ्या नटांच्या आश्रमाला द्यावं. तिथे माझ्याशी न पटलेले तिघे आहेत. त्यांना हवेशीर खोल्या द्याव्यात, माझी आठवण राहील.

७. माझ्या अंत्यविधीला कोणी आवाज काढून भाषण करू नये. ज्यांना अजून मी-मॉ येतं त्यांनी उभं राहून मनात असेल ते ओठांनी बोलावं. इतरांना हसू आलं तर हसावं, पण आधी शेजारणीला अर्थ विचारून.

८. हे कलम वकिलांच्या कचेरीत जागेवर वाढवलं आहे. दारात ऐकत नाही म्हणून क्लॅरिसला मी इथे बोलावलं होतं. ती रविवारची हॅट घालून आली. टॅटर्सल यांनी वरची सर्व कलमं वाचून दाखवली. त्यांचा कारकून दाढ काढायला गेलेला, त्यामुळे कायद्याने लागणारा दुसरा साक्षीदार नव्हता.
क्लॅरिसने पर्स टेबलावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. त्या दिवशी मला न आठवलेलं वाक्य होतं, "आता तू बोल, पोरी. मी ऐकतो." तिने पोरीच्या जागी हर्ब म्हटलं आणि ऐकतोचं ऐकते केलं.
"बाई काही म्हणाल्या का?" टॅटर्सल यांनी विचारलं.
मी बोललो. बराच वेळ बोललो. आईने शिकवलं तसं, ओठ मोठे करून. आवाज काढला नाही, त्यामुळे टॅटर्सल यांना ते नोंदवता आलेलं नाही.
मग तिने हात पुढे केला. "एक सही कमी पडतेय ना? आणा पेन."
"बाई, सही केलीत तर घर जाईल तुमचं. खुर्चीसुद्धा."
"घर आहे मला. आणि हा मेल्यावर खुर्ची घेऊन काय करू, त्याच्या नावाने विणत बसू? खुर्ची म्हणावं आत्ताच घेऊन दे. गुरुवारी लागणार आहे."
कलम ४ आणि ६ खोडू नयेत. चालणार नाहीत, पण राहू द्यावीत.

स्थळ: बर्नली. सोमवार, १० ऑक्टोबर १९९४.

सही: हर्बर्ट होलगेट

आम्हां दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही:
१. जे. टॅटर्सल, वकील
२. क्लॅरिस व्हिटम, विणकर