हाळी गाण्यात गेली

श्री

पुणे,
३ सप्टेंबर २०२४

ती. सौ. आत्यास,
संस्कृतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दिंद्रुडच्या उत्तरेश्वरचं बेंजोवरचं गाणं तू सांगितल्याप्रमाणे दोनदा ऐकलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा मधल्या तुकड्यात तो बेंजो जवळजवळ थांबवतो, तिथे मीही थांबले. लग्नाच्या वरातीत वाजवणारा माणूस घरी एकटा बसला की काय वाजवत असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. या शनिवारी माझ्या पानावर त्याला पहिला मान दिला.

तू विचारलंस, की या माझ्या उद्योगाला म्हणतात तरी काय. नाव काही नाही गं. दिवसभर कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढते आणि संध्याकाळी अशी गाणी शोधत बसते, ज्यांच्यामागे कुठली कंपनी नाही, कुणी घरातच रचलेली, घरातच मोबाईलवर रेकॉर्ड केलेली. दर शनिवारी त्यातली तीन लोकांना सुचवते. तुला मात्र पत्रानंच. फोनवर आलेलं गाणं पुढे ढकलायचं असतं आणि पत्रात सांगितलेलं ऐकायचं असतं, हा कायदा तूच केलास.

तर या खेपेचं माझं गाणं. नाव ‘दिस कलला’. गाणारीनं स्वतःचं नाव दिलेलं नाही, ‘माळावरची’ एवढंच लिहिलंय. फोटोही नाही, नुसतं बाभळीचं झाड. सोबतीला एक डिमडी, बाकी काही नाही. पहिल्या ओळी अशा:

दिस कलला माळाला, तुजी सावली लांबली
कावून गं बाई माजी, वाट घराची थांबली

‘का’च्या जागी ते ‘कावून’ ऐकलं आणि मी उठून बसले. ही बाई आपल्याकडचीच, नक्की. पण खरी गंमत ओळींच्या आधी आहे. गाणं सुरू होण्यापूर्वी ती एक हाक देते. शब्द नाहीत, आवाज वर चढतो, मध्येच तुटतो आणि शेवटी जिभेचा टक्क असा आवाज. ते काय आहे ते काही केल्या कळेना. तुझे कान गावभर पसरलेले असतात, तेव्हा ऐकून कळव.

मामांना नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तरातून दिसावा.

तुझी,
संस्कृती

---

श्री

नांदूरघाट,
११ सप्टेंबर २०२४

चि. संस्कृती हिस,
सत्यशीलेचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गाण्यानं माझ्या पायलीभर मुगाचं वाटोळं केलं. आधी ते ऐक.

तुझ्या मामांनी हरिपाठासाठी तो मोठा स्पीकर आणलाय ना, त्याला फोन जोडला. म्हटलं एवढं पत्रातून आलेलं गाणं, नीट ऐकावं. अंगणात शेंगा वाळत घातलेल्या, मी ओट्यावर, हे आरामखुर्चीत डोळे मिटून. ती हाक झाली न झाली तोच फाटकातून शेळ्या आत. पहिल्यांदा कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हातारी, तिच्यामागे दहा-पंधरा. आल्या त्या थेट स्पीकरसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बघू लागल्या. मग त्यांना शेंगा दिसल्या. मामा पंचा घेऊन धावले. माजी सरपंचांना शेळ्यांनी काही मान दिला नाही.

शेळ्या म्हाळूच्या. आपल्या मळ्याच्या पलीकडे त्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखणारं. मागोमाग त्याची बायको रतनबाई धावत आली. मी म्हटलं, आता शेंगांसाठी गयावया करेल. पण ती फाटकातच थबकली. गाणं संपेपर्यंत पदर दातात धरून उभी. संपल्यावर मला म्हणाली, काकू, ह्यो तर आमच्या संगीचा आवाज हाय. मग पुन्हा लावायला सांगितलं. शेंगांची आठवण दोघींनाही राहिली नाही.

संगीता म्हणजे तिची लेक. लहानपणी आपल्याकडे ताकाला यायची, तूही पाहिली आहेस. तीन वर्षांपूर्वी तिकडे आष्टी तालुक्यात, कड्याला दिली. नवरा बंकट, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं.

आता तुझी हाक. तिला हाळी म्हणतात. रतनबाईनं सांगितलं, प्रत्येक घराची हाळी वेगळी. माळावर चार घरांचे कळप एकत्र चरतात, संध्याकाळी ज्यानं त्यानं आपली हाळी दिली की शेळ्या आपापल्या निवडून निघतात. एकाची हाळी दुसऱ्यानं द्यायची नाही. म्हाळूची त्याच्या बापाकडून आलेली. आणि लेक सासरी गेली की तिनं माहेरची हाळी माहेरीच ठेवून जायची, सासरची शिकायची. इतकी वर्षं शेजारी राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं, याचं मला फार नवल वाटतंय.

जाताना रतनबाई मात्र बजावून गेली, ह्यांच्या कानावर घालू नका, लई तापट हायेत. म्हणून तूही जपून.

मामा म्हणतात, पुढचं गाणं हळू आवाजाचं पाठव. तुझी खुशाली येत राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
आत्या

---

श्री

पुणे,
२० सप्टेंबर २०२४

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवलं. पंचावाल्या मामांचे चाहते झालेत इथे.

मी संगीताला निरोप धाडला, तुझं नाव सांगितलं, तेव्हा ती बोलली. गाणं तिनं धान्याच्या खोलीत म्हटलं, भोवती गोधड्या टांगून, म्हणजे रस्त्याचा आवाज येऊ नये. बंकटनं फोन धरला आणि डिमडी तिच्या सासऱ्यांनी वाजवली. सासरच्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांना कौतुकच आहे. नाव लपवलं ते फक्त वडिलांसाठी. हाळी गाण्यात का घेतली, असं विचारलं तर म्हणाली, ते सांगता यायचं न्हाई.

तुझं पत्र यायच्या आधीच त्या शनिवारी मी गाणं सुचवून बसले होते. नाव अर्थातच दिलं नाही, ‘बीडकडची कुणी’ एवढंच लिहिलं. आत्या, इतकं कुठलंच गाणं पळालं नव्हतं. लोक विचारतात, ही कोण, दुसरं गाणं कधी. संगीता दुसरं बांधतेय म्हणे. मला तर झोपेतसुद्धा तो टक्क ऐकू येतो.

शेळ्यांची नुकसानभरपाई म्हणून चाकणचे शेंगदाण्याचे लाडू पाठवतेय. राग गिळून ते गोड मानून घ्यावेत.

तुझी,
संस्कृती

---

श्री

नांदूरघाट,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद.

लाडू मिळाले, पण आज गोड लिहिण्यासारखं नाही.

तुझं गाणं फिरत फिरत गावात आलं. पूर्ण गाणं नव्हे, नुसती सुरुवातीची हाळी. कुणीतरी तेवढीच कापली आणि पोरांनी फोनची घंटी म्हणून लावली. फोन वाजला की म्हाळूच्या शेळ्या मान वर करून धावतात, हे एकाला कळलं, मग सगळ्यांना कळलं. हॉटेलातून वाजव, जीपमधून वाजव. शेळ्या बिचाऱ्या दारोदार. दोनदा आश्रुबाच्या तुरीत शिरल्या, त्यानं म्हाळूला नाही नाही ते ऐकवलं. आणि बाजारच्या दिवशी स्टँडजवळ कुणी तरी वाजवली, कळप रस्त्यावर आला आणि एक करडू मोटारसायकलखाली सापडलं. पाय मोडलाय. बांबूच्या कामट्या बांधल्यात, जगेल.

म्हाळू मामांकडे आला. बसला नाही. हाळी ऐकल्याबरोबर त्यानं लेकीचा आवाज ओळखला होता, रतनबाईनं लपवून काही उपयोग झाला नाही. म्हणाला, हाळी माज्या बापाची हाय, ती गाण्यात घालायची चीज न्हाई. आता माजी शेरडं माजं ऐकंनात, त्यांला वाटतं बोलावणारा लबाड हाय. मामांनी शब्द दिला, की गाणं काढायला लावतो.

मलाही वाईट वाटतंय आणि तुझाही राग येतोय, दोन्ही लिहून टाकते. तू चांगल्यासाठी केलंस. पण माणूस गाणं सुचवतो तेव्हा ते कुणाच्या दारात जाऊन उभं राहील हे त्याला माहीत नसतं. हे गाणं खाली उतरवता येतं का? आणि उतरवलं तर ही पोरगी पुन्हा गाईल का? रतनबाई म्हणते, न्हाई गायची, मी वळखते तिला.

लवकर कळव. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, काळजी वाढली आहे.

तुझी,
आत्या

---

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

कडा,
२२ ऑक्टोबर २०२४

ती. सत्यशीला काकूंना,
संगीताचा शि. सा. नमस्कार.

आईनं फोनवर समदं सांगितलं. आबा माझा फोन घेत नाहीत म्हणून हे तुम्हाला लिहिते. आबांना वाचता येत नाही, तुम्ही वाचून दाखवा.

करडाचा पाय मोडल्यापासून मला जेवण जात नाही. पुण्याच्या ताईंचा दोष नाही, त्यांनाही तसं सांगा. हाळी मीच घातली. ताईंनी विचारलं कावून घातली, तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगते. इथं बी आमच्या शेळ्या आहेत. ह्या घरची हाळी वेगळी आहे, मी शिकले, शेळ्या माझं ऐकतात. पण दिवस कलला की माझ्या तोंडात आधी आबांची हाळी येते. ती मी गिळते आणि मग इथली देते. तीन वर्षं रोज असंच. गाण्यात कुणी शेळी नसती, तिथं दिली तर कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटलं. फोन नांदूरघाटला बी वाजतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

येत्या रविवारी बंकट गाणं काढून टाकणार आहेत. दुसरं गाणं बांधलं होतं, ते बी नको म्हणून सांगितलं. आबांना म्हणा, हाळी तुमची होती, तुम्हाला परत दिली.

काकांना नमस्कार. चूकभूल पोटात घालावी आणि ताकाला येणाऱ्या पोरीला विसरू नये.

आपली,
संगी

---

श्री

नांदूरघाट,
३० नोव्हेंबर २०२४

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धंच सांगितलं आणि तू बाकीच्यासाठी जीव खाल्लास. मुद्दामच सांगितलं नाही. हे पत्रातलं आहे.

संगीचं पत्र मी ओट्यावर बसून म्हाळूला वाचून दाखवलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, आख्खं गाणं हाय का तुमच्याकडं. त्यानं ते कधी ऐकलंच नव्हतं गं, नुसती लोकांच्या खिशातली घंटी ऐकली होती. मी लावलं. या वेळी आवाज बारीक ठेवून. संपल्यावर पटका सारखा करत उठला आणि एवढंच म्हणाला, रविवारी काढू नको म्हणावं तिला. जरा थांब म्हणावं. मी लगेच कड्याला फोन केला.

पुढचे काही दिवस संध्याकाळी माळावरून एक अनोळखी ओरडणं येऊ लागलं. तीन तुटक हाका आणि एक शीळ. मामांना वाटलं, कुणी परगावचा धनगर आपल्या गायरानात शिरला. काठी घेऊन गेले. परत आले ते काठी बगलेत मारून. मी खोदून विचारलं तर म्हणाले, तूच जाऊन बघ.

गेले. एका अंगाला म्हाळू उभा, नव्या हाका देतोय. दुसऱ्या अंगाला रतनबाई पाटीत मूठभर जवारी खुळखुळवतेय. मधे शेळ्या, आधी याच्याकडे बघताहेत, मग एकमेकींकडे. माझं हसू आवरेना आणि डोळेही भरले. बापाकडून आलेली हाळी टाकून हा माणूस या वयात शेळ्यांना दुसरी शिकवत होता. रोज संध्याकाळी तेच. कधी चिडायचा, कधी त्याचाच घसा बसायचा. पाय बांधलेलं करडू सगळ्यांत आधी शिकलं, त्याला जुनीची फारशी सवय नव्हती.

परवा मामांकडे आला आणि या वेळी बसला. म्हणाला, आता पोरांनी किती बी वाजवू द्या, माजी शेरडं हालत न्हाईत. गाणं ऱ्हाऊ द्या. मला हाळी बदलता येती, गाण्यातली कशी बदलावी. मामांनी विचारलं, घराण्याची हाळी अशी सोडवली कशी. तर म्हणाला, सोडली कुठं, संगीकडं दिली. लेकीला द्यायला दुसरं व्हतं काय माज्याकडं.

आणि तुला निरोप आहे. गाण्याखाली नाव लिहायचं. संगीता, म्हाळूची. बंकटरावांचंही चालेल, पण बापाचं आधी, असं दोनदा सांगून गेला. दुसरं गाणं कधी, हेही विचारलं. ते तूच तिला विचार आणि मला आधी कळव, तुझ्या शनिवारच्या मंडळींच्या आधी.

एक तेवढी राहिली. ती कपाळावर ठिपका असलेली म्हातारी काही नवी हाळी शिकेना. संगीनंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती म्हणे. सगळा कळप घरी जातो, ही माळावर उभीच. म्हणून म्हाळू दिवस कलला की आमच्या फाटकाशी येतो आणि म्हणतो, काकू, म्हातारी येईना झाली, तेवढं गाणं लावा. मी स्पीकर लावते. पहिल्या हाळीलाच ती धावत अंगणात येते. म्हाळू तिच्या गळ्यात हात टाकून पायरीवर बसतो आणि गाणं पुरतं संपेपर्यंत तिला घरी नेत नाही.

मूग आता मी माडीवर वाळत घालते. तुझा लोभ असाच हाकेसरशी येत राहो.

तुझी,
आत्या