चाइव्ह्जची शेवटची कुंडी आणि इतर वस्तू यांबाबत

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा केस कापण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही मागे न लागता हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहातले नऊ नीट घरी जातात." मी जन्मात कधी पहिल्या नवांत आलेलो नाही.

कलम १. माझी मोठी कात्री, मशीन आणि कंगवे दुकानातल्या जोडीदाराला, म्हणजे टकल्याला, द्यावेत. एरवीही तो न विचारता नेतोच. आता निदान चोरी ठरणार नाही. लहान कात्री देऊ नये. ती कलम ३ साठी लागेल.

कलम २. मामाला काही नाही. आईच्या आजारपणात तो तीन महिने "येतो, येतो" म्हणत राहिला. त्याला माझ्यातर्फे "देतो, देतो" असे कळवावे.

कलम ३. खिडकीतली चाइव्ह्जची कुंडी बाबांना. चाइव्ह्ज म्हणजे कांद्याच्या जातीची, गवतासारखी बारीक, पोकळ पात. आई हॉटेलात भांडी घासायची, तिथल्या आचाऱ्याने तिला मुळासकट एक जुडगा दिला. तिने त्याच्या तीन कुंड्या केल्या. पात उपटू नये; मातीच्या वर दोन बोटे सोडून लहान कात्रीने कापावी. थंडीत ती सगळी वाळते. तेव्हा मेली समजून फेकू नये.

पाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. आई गेली त्या दिवशी बाबा म्हणाले, "तू गाडी लवकर आणली असतीस तर..." मी म्हणालो, "तुम्ही तिचं दुखणं लवकर सांगितलं असतंत तर..." त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून एका खोलीत राहून आम्ही शेजारच्या मावशींमार्फत बोलतो.

मी दुकानात जाण्यापूर्वी पाणी घालायचो. बाबा रखवालीची पाळी संपवून आले की तेही घालायचे. पहिल्या कुंडीची मुळे कुजली. मावशी म्हणाल्या, "अरे, दोघं मिळून बुडवताय की काय त्या पातीला?" तरी "तुम्ही घालू नका" एवढे आम्हाला एकमेकांना सांगता आले नाही. दुसरीही कुजली. मग मी पाणी बंद केले. बहुधा त्याच दिवशी बाबांनीही केले. तिसरी अर्धी वाळल्यावर हे कळले.

म्हणून यापुढे पाणी फक्त बाबांनी घालावे. बोट पेरभर मातीत खुपसावे. कोरडे लागले तरच घालावे. मी नसल्यामुळे आता दोनदा पडणार नाही.

कलम ४. मावशींना काही ठेवता येत नाही, कारण त्या साक्षीदार आहेत. वकीलबाईंचे म्हणणे तसे आहे. याचे मला वाईट वाटते.

पुरवणी. सह्या चालू असताना बाबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मावशी, त्याला विचारा, परवा किती वाजता निघायचंय?"

मी म्हणालो, "मावशी, त्यांना सांगा, सहाला."

मावशींनी पेन खाली ठेवले. "आज मी कुणाचं कुणाला काही सांगणार नाही. मेलं, तोंडं आहेत ना तुम्हाला?"

मग बाबा जिना उतरून गेले. त्यांना ऐकू गेले असणार, पण सांगितले असे धरता येत नाही. म्हणून येथे लिहितो: बाबा, सकाळी सहाला निघायचे आहे. तुम्ही बरोबर यावे, अशी माझी इच्छा आहे. हे मृत्युपत्र पाकिटात बंद होणार आणि ते माझ्यामागेच उघडायचे आहे, याची मला जाणीव आहे.

पुरवणीसह सर्व मजकूर वाचून, आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १: शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी (सही)
साक्षीदार २: केशकर्तन दुकानाचे मालक (सही)

लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहती खोली, तिसरा मजला
दिनांक: शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी, सोमवार