बॉल नसताना माझा स्विंग

२ फेब्रुवारी, सोमवार

उशीर झाला, माफी असावी. मागच्या मार्चनंतर ही वही आज उघडतोय. मध्ये चष्मा सापडत नव्हता. चष्मा सापडला तेव्हा पेन वाळलेलं होतं. खरं कारण वेगळं आहे, पण ते इथे लिहायची गरज नाही.

बरं, लिहितो. वही आपलीच आहे, कोण वाचतंय.

एकतीस वर्षं मी गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालवलं. माझा खेळातला जोडीदार, भिडू, पाण्याचे पंप सांभाळायचा. सोमवारी मैदान मोठ्या लोकांना बंद असतं, तेव्हा आम्हा जुन्या कामगारांना खेळू देतात. एकोणीस वर्षं दर सोमवारी आम्ही दोघं. मागच्या मार्चमध्ये कामगारांच्या जोडी-सामन्यात शेवटचा बॉल मी तळ्यात घातला आणि कप गेला. तेव्हा भिडू काही बोलला नाही. आज अकरा महिन्यांनी बोलला. म्हणाला, यंदा जोडीला येतोस का म्हणून आचारी मला विचारतोय. आचारी म्हणजे क्लबच्या स्वयंपाकघरातला, गेल्या वर्षी निवृत्त झाला. मी विचारलं, मग तू काय म्हणालास? तर म्हणाला, बघू. नावं सोळा मार्चला द्यायची आहेत.

बघू म्हणाला, म्हणजे नाही म्हणाला नाही. म्हणजे माझ्याबरोबरच खेळणार.

तरी सोळा मार्चच्या पानाची घडी घालून ठेवली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मैदानावर एक मॅडम आल्या आहेत. स्विंगचा व्हिडिओ काढून चुका दाखवतात. जुन्या कामगारांना सहा धडे. नाव दिलं. चुका नाहीतच, पण बॉल उजवीकडे का वळतो याचं शास्त्रीय कारण कळलेलं बरं. मला वाराच वाटतो.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. गच्चीवर शंभर स्विंग. चहात साखर बंद. ही म्हणाली, साखरेनं बॉल वाकडा जातो होय? शिस्तीचं महत्त्व बायकोला कळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

साडेसातला उठलो. अकरा स्विंग. शंभर वाईट मारण्यापेक्षा अकरा चांगले मारावेत. साखर निम्मी घेतली.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला धडा. मॅडमनी एक कॅमेरा समोर लावला, एक बाजूला. मी मारला. मग पडद्यावर एक म्हातारा दाखवला. पोक काढलेला, शर्ट मागून बाहेर आलेला, मारताना तोंड उघडं. मी म्हणालो, हे कोण गृहस्थ, माझा लावा. मॅडम म्हणाल्या, आजोबा, हे तुम्हीच. शर्ट ओळखीचा वाटला खरा.

डोक्याभोवती त्यांनी लाल गोल काढला. स्टिक खाली येताना डोकं गोलातून बाहेर पडतं. मी म्हणालो, कॅमेरा हलला असेल. म्हणाल्या, कॅमेरा तीन पायांवर उभा आहे. मी म्हणालो, मी दोनच पायांवर उभा आहे, एवढं तर चालायचंच.

त्या हसल्या. मी हसण्यासारखं काही बोललो नव्हतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घरी सराव. डोकं स्थिर राहावं म्हणून कपाळ कपाटाला टेकवून नुसते हात फिरवत होतो. हिनं दारातून विचारलं, काय हरवलंय? मग टॉवेल हवा म्हणून तेच कपाट उघडलं, दार माझ्यावर आपटलं. कपाळावर टेंगूळ. सूनबाईनं बर्फ लावला आणि म्हणाली, बाबा, हे खेळात धरतात का हो? दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ हसत होत्या.

हसोत. एकतीस मार्चला कपाटावर कप दिसेल. सामना तीसला आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा धडा. मॅडमनी व्हिडिओ इतका हळू केला की मलाच झोप आली. मग माझे डोळे मोठे करून दाखवले. म्हणाल्या, बघा, स्टिक बॉलला लागायच्या आधी तुमची नजर तिकडे डावीकडे जाते, आणि नजरेमागे डोकं. तिकडे काय आहे?

काही नाही म्हणालो.

होतं. नव्या गवतवाल्यानं कडेला दोन बोटांचा पट्टा तसाच सोडला होता. मशीनवर बसलेला माणूस चाकाखाली बघत नाही, पुढचा पट्टा कुठून धरायचा तिकडे बघतो. एकतीस वर्षं तसंच बघितलं, म्हणून मैदान सरळ दिसत होतं. शेवटी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आजोबा, गवत आता तुमचं काम नाही. मी म्हणालो, ते गवताला कुणी कळवलेलं नाही.

त्यांनी कॅमेरा आवरायला घेतला. आजचा धडा मी जिंकला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

डाव्या खांद्यात कळ. हृदयाची असेल म्हणून घाबरलो. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, स्नायू आखडलाय, काही नवीन करताय का? मी म्हणालो, नवीन काही नाही, जुनंच सुधारतोय. म्हणाले, या वयात? डॉक्टर बदलायला हवा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा धडा. सोन्याचा दिवस! मॅडम म्हणाल्या, आज बॉल नको, नुसता फिरवा. फिरवला. डोकं लाल गोलात, जसं काही खिळ्यानं ठोकलेलं. कंबर वळली, हात सरळ, शेवटी टाच उचललेली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर तोच म्हातारा होता, पण आता त्याला म्हातारा म्हणवत नव्हतं. मग बॉल ठेवला आणि परत डोकं बाहेर.

म्हणजे स्विंगमध्ये दोष नाही. जी काही अडचण आहे ती बॉलची आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईकडून बिनबॉलचा व्हिडिओ भिडूला पाठवला. खाली लिहिलं, बघ. दुपारी बघितल्याची खूण आली. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. फोन बिघडलाय का ते बघायला स्वतःलाच फोन लावला, लागत नाही. सूनबाई म्हणाली, तसा लागतच नसतो, बाबा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

भिडूचं उत्तर आलं. छान. बॉल कुठे आहे?

कळवलं, पुढच्या व्हिडिओत.

२ मार्च, सोमवार

आज भिडूबरोबर खेळलो. आचारीही आला होता, सहज म्हणे. पहिल्याच होलला माझा बॉल सरळ गेला. सरळ! दोरी धरावी तसा. भिडू म्हणाला, अरे वा, शिकलास की. आचारी म्हणाला, काका, वाऱ्यानं साथ दिली. म्हणजे याच्या हिशोबानं माझा बॉल वाकडा गेला की वारा नसतो, सरळ गेला की असतो. जळतोय मेला.

पुढचे आठ होल लिहीत नाही. हात दुखतोय.

९ मार्च, सोमवार

चौथ्या होलला नवा गवतवाला मशीन घेऊन आडवा आला. पातं इतकं खाली लावलेलं की मुळं दिसत होती. सांगणं भाग होतं. त्याला पातं उचलायला लावलं, कड कशी धरायची ते मशीनवर बसून दाखवलं, दोन पट्टे स्वतः कापले. हात अजून विसरलेला नाही! पोरगा म्हणाला, काका, जेवायची वेळ झाली, मशीन द्या. वळून बघतो तर भिडू आणि आचारी दोन होल पुढे गेलेले. लांबून हाक मारली. ऐकू गेली नसणार. वारा उलटा होता.

मला वाटलं होतं थांबतील. एकोणीस वर्षं भिडू थांबत आलाय.

१६ मार्च, सोमवार

फळ्यावर नावं लागली. भिडू आणि आचारी.

मी आपणहून माघार घेतली असं लिहून ठेवतो, नोंद असावी. घडलं ते असं. भिडूला मी विचारलं, हे काय? तो शांतपणेच बोलला. म्हणाला, तू खेळायला येतोस की तपासणीला? एकोणीस वर्षं तुझा बॉल मी झाडीत शोधतोय आणि तू कड बघत उभा. माझे गुडघे गेलेत. मला एकदा तो कप घरी न्यायचाय, बाकी काही नाही. मी म्हणालो, ने की, आचाऱ्याला विचार त्यात रस्सा किती मावतो ते. आचारी तिथेच उभा होता. भिडूनं माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

बरोबरच बोललो मी. कुणीही हेच बोललं असतं.

मॅडमना सांगितलं, उरलेले धडे नकोत, शिकण्यासारखं संपलं. त्या म्हणाल्या, आजोबा, सुधारत होतात तुम्ही. मी म्हणालो, ते मला माहीत आहे.

२३ मार्च, सोमवार

गेलो नाही. हिनं विचारलं, आज सोमवार ना? मी म्हणालो, सोमवार काय दर आठवड्याला येतो.

चहात दोन चमचे साखर.

३० मार्च, सोमवार, दुपार

सामना बघायला गेलो नव्हतो. मशीनच्या शेडकडे सहज गेलो होतो, तिथून शेवटचा होल दिसतो त्याला माझा इलाज नाही. आचारी कडेवरून खुशाल चालतो, गवत तुडवतो, पण बॉल मारताना फक्त बॉलकडे बघतो. असं मला शेडमधून तरी दिसलं. एका होलनं जिंकले. भिडूनं कप दोन्ही हातांनी धरला, तान्हं मूल धरावं तसा. मग मान उंच करून लोकांमध्ये कुणाला तरी शोधत होता. मी शेडच्या आत सरकलो. का सरकलो कळत नाही. टाळ्या मात्र वाजवल्या होत्या, आतूनच.

फोनवर चुका होतात, म्हणून आधी इथे लिहितो, मग सूनबाईकडून पाठवतो.

भिडू, कप बघितला. शोभतो तुझ्या हातात. रश्शाचं बोललो ते आचाऱ्याला सांग की मनावर घेऊ नको, मी घाईत होतो. पुढच्या सोमवारी तुम्ही दोघं खेळणार असाल तर होलमधला झेंडा धरायला माणूस लागेल. सावली होलवर पडू न देता झेंडा धरणं वाटतं तितकं सोपं नसतं, भल्याभल्यांना जमत नाही. मला जमतं. गवताविषयी मी अवाक्षर काढणार नाही. काढलं तर एकदाच. किती वाजता यायचं ते कळव. नको असेन तर तसंही कळव, पण आज-उद्यात कळव, बघू म्हणू नकोस.