गुरुवारची वही

मंगळ. ७ ऑक्टो.
ह्यांचे कपडे चॅरिटी शॉपला द्यायला काढले. जूनमध्ये हे गेले, तेव्हापासून कपाटाला हात लावला नव्हता. निळ्या कोटाच्या आतल्या खिशात वही सापडली. अक्षर ह्यांचंच. पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली रेघ. डावीकडे देवनागरीत कुठल्याशा भाषेतले शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. न्दोख – वॉटर. खोरोम – सॉल्ट. चेब – राइस. 'काय – कम' वाचून हसू आलं, मग स्वतःचाच राग आला.
प्रत्येक पानावर तारीख. सगळे गुरुवार.
गुरुवारी हे मंडळात ब्रिजचे पत्ते खेळायला जायचे. मी डबा द्यायची, मित्रांसाठी दोन पोळ्या जास्त आणि लिंबाचं लोणचं.

बुध. ८
लायब्ररीत वही दाखवली. बाईंना दोन-तीन शब्द वाचून दाखवले, त्यांनी शोधून सांगितलं: वोलोफ. सेनेगलमध्ये बोलतात.
मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना फोन. "ब्रिज? अहो, तो कोविडपासून बंदच आहे की!" बरं म्हणून मी फोन ठेवला.

शुक्र. १०
लग्न होऊन साउथहॅम्प्टनला आले तेव्हा म्हटलं होतं, मला इंग्रजी शिकवा. "तुला कुठं जायचंय? मी आहे ना." हे बंदरात गाड्या बोटीवर चढवायचे, दमून यायचे, मी पुन्हा विचारलं नाही. सिरिअलच्या खोक्यांवरून शिकले, कौन्सिलच्या पत्रांवरून, लहान मुलांच्या पुस्तकांवरून. आता जाड पुस्तकंही वाचते.
मला कधी अशी रेघ मारून दिली नाही.

शनि. ११
एकतिसावं पान. आमुमा सूकर – मला साखर नाही. आमुमा जोत – मला वेळ नाही. आमुमा जबर – मला बायको नाही.
तीनही ओळी सारख्याच नीट. कुठं खाडाखोड नाही.
लेकीला, केतकीला, स्लाऊला फोन केला.
"आई, हा होमवर्क आहे. बाबाचा प्रॅक्टिस होता, दॅट्स ऑल."
"साखर नाही, वेळ नाही, इथवर ठीक. पुढचं कुणी लिहायला सांगितलं?"
"यू आर रीडिंग टू मच इन्टू इट." मग, "तू जेवलास का?"
जेवलीस म्हणतात, ते आज सांगितलं नाही.

सोम. १३
वहीच्या शेवटी पिनेनं लावलेली शिवणकामाच्या दुकानाची चिठ्ठी, वर पत्ता. "ट्राउझर्स, शॉर्टन." ह्यांच्या पॅंटी आयुष्यभर मीच आखूड केल्या.
चिठ्ठीशेजारी मराठीत, ह्यांच्या हातची टीप: "हे लोक आधी घरच्या सगळ्यांची चौकशी करतात. उत्तर नेहमी चांगलंच द्यायचं. वाईट बातमी नंतर, बसल्यावर."
घरच्या सगळ्यांची चौकशी. मग माझ्याबद्दल विचारलं की हे काय सांगत होते?
गुरुवारी त्या दुकानात जाणार. एवढंच विचारायचं.

गुरु. १६
जाऊन आले. दोन बस. दुकान अरुंद, दारात कापडाचे तागे. बाई माझ्याच वयाची, थोडी लंगडते. नाव आवा. मी काही म्हणायच्या आत तिनंच सुरू केलं: बरी आहेस ना, घरचे बरे, मुलं बरी, तब्येत बरी? खुर्ची पुढं केली. चहा ठेवला.
कुणी पाठवलं म्हणाली. नाव ओठांवर आलं नाही. एकदा लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. मी म्हटलं, "आय ॲम फ्रॉम हिज हाउस," आणि वही दाखवली.
"वसंत!" तिनं भर दुकानात नाव घेतलं, सहज, जसं मीठ मागावं. "आणि तू सिस्टर! लोणच्याची सिस्टर!" टाळी वाजवली. "फार खारट करतेस हां. पण चांगलं."
मी मान हलवली. का हलवली?
"कुठं आहे तो? रागावला का? मी त्याला गाढव म्हटलं होतं, पाठ करून आला नाही म्हणून." हसत होती, पण नजर दाराकडे.
मी म्हटलं, "मुंगाफा." आहे, तिथंच आहे, बरा आहे. ह्यांच्याच वहीतला शब्द.
तिला इतका आनंद झाला की मला पुढचं बोलता येईना. तीन पेले चहा पाजला. तिचा नवरा तिकडेच वारला, वर्षं झाली. हे यायचे, शिवण्याच्या टेबलाशी बसायचे, शब्द विचारायचे. "खूप बोलायचा," म्हणाली.
घरी आठवडा-आठवडा बोलत नसत.

रवि. १९
केतकी: "पण बाबानं सिस्टर सांगितला का तिला? की तिनं गेस केला? तू विचारलास?"
नाही विचारलं. ह्यांनी तसं सांगितलं असेल, तर कळलंच. तिनं स्वतःच ठरवलं असेल, तर एवढ्या गुरुवारांत बायको शब्द ह्यांच्या तोंडून निघाला नाही, असा अर्थ. दोन्हींत मी कुठं आहे?
हे गेल्याचं पहिलं वर्ष म्हणून यंदा दिवाळी नाही. आकाशकंदील माळ्यावरच.

मंगळ. २१
वही पुन्हा वाचली, पहिल्यापासून. पाणी, मीठ, दार, ये, बस, जेव, उद्या. मेला, याला शब्द नाही.

गुरु. २३
आज भाऊबीज. बरा मुहूर्त.
पहाटे उठून लोणच्याची बरणी उघडली. मीठ खरंच जास्त आहे. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, तिला सांगितलं असणार.
आवाला बातमी बहीण म्हणून देववणार नाही, आधी मी कोण ते सांगावं लागेल. ते सांगितलं की तिचेही सगळे गुरुवार गेले. नाही सांगितलं, तर ती दाराकडे बघत बसेल. चार महिने मी तशीच बसले होते. हे येणार नाहीत ते मला तरी ठाऊक होतं.
छोटी बाटली भरली. वही पिशवीत. मंगळसूत्र ह्यांच्यानंतर काढून ठेवलं होतं, ते आज घातलं, पदराआड नाही, कोटावरून.
बस दहा चाळीसची. आधी बरं आहे म्हणायचं. मग बसायचं. मग